‘सव्वा तास मागेपुढे’: यलोस्टोनच्या गायझर वेळापत्रकाचा तीन दिवसांचा अनुभव

हा अभिप्राय एका फलकाबद्दल आहे. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात ओल्ड फेथफुल नावाचा गायझर आहे, म्हणजे जमिनीतून थांबून थांबून उसळणारं उकळत्या पाण्याचं कारंजं. त्याच्या समोर माहिती केंद्र आहे. आत शिरलं की पुढच्या उद्रेकांच्या अंदाजे वेळा लावलेल्या दिसतात. पाचशेहून जास्त गायझर असलेल्या त्या उद्यानात वेळा मिळतात फक्त सहांच्या: ओल्ड फेथफुल, कॅसल, ग्रँड, डेझी, रिव्हरसाइड आणि जरा लांबचा ग्रेट फाउंटन. प्रत्येक वेळेच्या पुढे आणखी एक आकडा असतो, आणि या सेवेची खरी किंमत त्या दुसऱ्या आकड्यात आहे असं माझं मत झालं. आम्ही गेलो तेव्हा ओल्ड फेथफुलपुढे लिहिलं होतं दहा मिनिटं मागेपुढे, रिव्हरसाइडपुढे अर्धा तास, ग्रँडपुढे सव्वा तास.

बहुतेक लोक पहिला आकडा वाचतात आणि निघतात. वेळ उलटून पाच मिनिटं झाली की कुरकुर सुरू. मी जहाजांच्या इंजिन रूममध्ये एकतीस वर्षं काढली, त्यातला मोठा काळ बॉयलरच्या संगतीत. आपला अंदाज किती चुकू शकतो हे जो आकड्यात लिहून देतो, त्याच्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवतो. म्हणून हा फलक मला पाहताक्षणी पटला, आणि तीन दिवस आम्ही दोघांनी त्याच्याच भरवशावर काढले.

आधी शब्दाचं सांगून टाकतो. मराठीत गीझर म्हटलं की बाथरूममधली टाकी डोळ्यांसमोर येते. दोन्हींचं मूळ एकच, आइसलँडमधल्या ‘गेसीर’ नावाच्या कारंजात. त्या भाषेत उसळणं या अर्थाच्या क्रियापदावरून ते नाव पडलं आणि पुढे जगभरच्या अशा सगळ्या कारंजांना तेच चिकटलं. गोंधळ नको म्हणून इथे जमिनीतल्याला मी गायझर म्हणतो.

यलोस्टोनला आम्ही याआधी एकदा गेलो होतो, एका टूर कंपनीच्या बसमधून. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण झालं काय ते लिहितो, कारण असं अजूनही होत असणार. बस ओल्ड फेथफुलपाशी थांबली तेव्हा लोक बाकांवरून उठून परतत होते. उद्रेक नुकताच संपला होता. गाइडने सांगितलं, चाळीस मिनिटं आहेत, तोवर परत उडेल. मी फलक पाहिला तर पुढची वेळ दीड तासानंतरची. गाइडला दाखवली. तो म्हणाला, हा निसर्ग आहे साहेब, कधीही उडतो. चाळीस मिनिटांनी बस निघाली. बायको खिडकीतून मागे बघत राहिली. चाळीस जणांपैकी एकानेही तो गायझर पाहिला नाही, आणि त्यातले बरेच जण पुन्हा कधी तिथे येणार नव्हते. मला त्या गाइडचा अजून राग येतो. ‘कधीही उडतो’ हे साफ खोटं होतं, आणि खरं काय ते पन्नास पावलांवर लिहून ठेवलेलं होतं.

या खेपेला बस नाही, घाई नाही. सप्टेंबरातले तीन दिवस आणि एक छोटी वही.

पहिल्या सकाळी ओल्ड फेथफुल १० वाजून ४२ मिनिटांनी उडाला. पाणी सलग वर जायला लागल्यापासून मी घड्याळ लावलं, ४ मिनिटं ५ सेकंद भरली. असं का मोजायचं, तर अंदाजाचं गणित त्यावरच बसतं. उद्रेक अडीच मिनिटांच्या आत आटोपला तर आतलं पाणी आणि उष्णता पुरती खर्ची पडलेली नसते, म्हणून पुढचा तासाभरात येतो. चार मिनिटं चालला तर टाकी चांगली रिकामी झालेली असते आणि दीड तासाच्या आसपास थांबावं लागतं. रेंजर लोकही हेच करतात. फलकावर पुढची वेळ आली १२:१७, प्रत्यक्षात उडाला १२:१३ ला. चार मिनिटांची चूक, दहाची मुभा. तीन दिवसांत आम्ही त्याचे सात उद्रेक वहीत लिहिले, त्यातले सहा दहा मिनिटांच्या आत बसले. उद्यानाचा दावा दहात नऊचा आहे. सातातल्या एका चुकीवरून मी तो खोटा म्हणणार नाही.

आता हे कारंजं आतून कसं चालतं ते माझ्या भाषेत सांगतो. ते कळल्याशिवाय फलकावरचा दुसरा आकडा कळत नाही.

जहाजावरच्या साध्या बॉयलरमध्ये सात बार प्रेशर असलं तर पाणी १७० अंश सेल्सियसला उकळतं. प्रेशर जितकं जास्त, तितकं पाणी उकळायला उशीर. आता अशा बॉयलरचा ड्रेन कुणी उघडला तर बाहेर येताना त्या पाण्यावरचं प्रेशर एकदम जातं, आणि त्यातल्या काही पाण्याची जागच्या जागी वाफ होते. आम्ही त्याला फ्लॅश होणं म्हणतो. वाफेला पाण्याच्या दीडहजारपटीहून जास्त जागा लागते. ज्याने तो आवाज जवळून ऐकलाय तो कधी विसरत नाही.

गायझरमध्ये हेच होतं, फक्त झाकण लोखंडाचं नसून पाण्याचंच असतं. पावसाचं आणि बर्फाचं पाणी खोल मुरतं, खालच्या तापलेल्या खडकाने गरम होतं आणि फटींतून वर चढतं. वरच्या पाण्याचा खांब खालच्या पाण्याला दाबून धरतो, त्यामुळे खालचं पाणी उकळीच्या नेहमीच्या अंकाच्या पुढे जाऊनही पाणीच राहतं. ओल्ड फेथफुल समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे, तिथे उघड्यावर पाणी ९३ अंशांना उकळतं. पण त्याच्या नळीत २२ मीटर खोलीवर ११८ अंश तापमान मोजलेलं आहे. वाफेचे बुडबुडे वर सरकतात, थोडं पाणी तोंडातून बाहेर सांडतं, खांब तेवढा हलका होतो, खालचं प्रेशर उतरतं, आणि जे पाणी काठावर होतं ते फ्लॅश होतं. त्या धक्क्याने आणखी पाणी बाहेर, आणखी प्रेशर कमी, आणखी वाफ. एकदा सुरू झालं की थांबवता येत नाही. ओल्ड फेथफुल ३२ ते ५६ मीटरपर्यंत जातो तो अशा साखळीने.

आइसलँडच्या मूळ गेसीरमध्ये तापमापक सोडून हा विचार पहिल्यांदा नीट मांडला तो जर्मन रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बुन्सेनने, १८४६ च्या मोहिमेनंतर. प्रयोगशाळेतल्या बर्नरला ज्याचं नाव आहे, तोच. उकळत्या विहिरीच्या तोंडाशी उभं राहून दोरीला बांधलेले तापमापक खाली सोडायचे, तेही केव्हा उसळेल याचा नेम नसताना. त्या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

पुढच्या लोकांनी त्यात भर घातली. नळी सरळ असून भागत नाही, कुठेतरी गळा आवळलेला हवा किंवा बाजूला वाफ अडकून राहील अशी पोकळी हवी. रशियाच्या पूर्व टोकाच्या कामचाटकातल्या गायझरांमध्ये कॅमेरे सोडले तेव्हा अशा पोकळ्या दिसल्या. ओल्ड फेथफुलमध्ये १९९० च्या दशकात कॅमेरा उतरवला तेव्हा सुमारे सात मीटर खोलीवर नळी जेमतेम दहा सेंटिमीटर रुंद निघाली. एवढं अवाढव्य कारंजं, आणि त्याचा गळा माझ्या तळहाताएवढा! बाकावर बसून मी तळहात पसरून बघितला.

आणि सिलिका, म्हणजे वाळूत आणि काचेत असतो तो पदार्थ. हा शब्द वाचल्यावर माझ्यासारख्याच्या अंगावर काटा येतो. बॉयलरच्या पाण्यात सिलिका आली की नळ्यांच्या आत काचेसारखी पुटं चढतात, ती खरवडून निघत नाहीत, नळी तापून फुगते आणि एक दिवस फुटते. पाणी रोज तपासायचं त्यात हीही एक धास्ती. इथे नेमकी तीच सिलिका कामाला येते. यलोस्टोनखालच्या रायोलाइट खडकातून गरम पाणी सिलिका विरघळवून वर आणतं आणि ती नळीला आतून लिंपते. पाणी बाजूच्या फटींत झिरपून जात नाही, प्रेशर धरून राहतं. जमिनीवर सांडलेल्या पाण्यातून तीच सिलिका साचते, तिला सिंटर म्हणतात. कॅसल गायझरचा पडक्या बुरुजासारखा सुळका सगळा तिचाच बनलेला. लाकडी पायवाटेवर ओणवा होऊन मी पाटाच्या काठावरचं सिंटर निरखलं. करड्या रंगाचे बारीक मणी, एकाला एक चिकटलेले, मधे पाण्याच्या लाटेची लव उमटलेली. हात लावायचा नसतो, लावला नाही. आयुष्यभर जिचा तिरस्कार केला, तिचं हे काम बघत मी बराच वेळ तिथे वाकून होतो.

गायझर मुळात इतके दुर्मिळ का, याचं उत्तर यातच आहे. उष्णता, पाण्याचा पुरवठा आणि प्रेशर पेलणारी नळी, तिन्ही एका जागी जुळावी लागतात. गरम झरे जगात पुष्कळ, पण जगातल्या चालू गायझरांपैकी निम्म्याहून जास्त एकट्या यलोस्टोनमध्ये आहेत. उरलेल्यांतले बरेचसे कामचाटका, चिलीतलं एल तातिओ, न्यूझीलंड आणि आइसलँडमध्ये.

ज्यांच्याकडे वेळ कमी आहे त्यांना एक आवर्जून सांगतो. ओल्ड फेथफुलच्या मागे गायझर हिल नावाचा उंचवटा आहे, तिथे पायवाटेला लागूनच अ‍ॅनेमोन नावाचा लहानसा गायझर आहे. फलकावर त्याचं नाव नाही, गरजही नाही, दर दहाएक मिनिटांनी उडतो. आम्ही पोचलो तेव्हा त्याचं वाडगं कोरडं होतं. मग तळाच्या भोकातून पाणी दिसायला लागलं, हळूहळू चढलं, वाडगं काठोकाठ भरलं. एक बुडबुडा, दोन, आणि एकदम पाणी उसळून कमरेएवढं उडायला लागलं. थोड्याच वेळात जोर ओसरला आणि सगळं पाणी गुळगुळ करत परत भोकात गेलं, मोरीतून जातं तसं. बायको म्हणाली, ‘‘अहो, आता कळलं. मोठ्यात हे सगळं आत होतं, म्हणून दिसत नाही.’’ मी तासभर आकृत्या काढून जे सांगितलं नसतं ते त्या वाडग्याने सांगितलं. आम्ही त्याच्या पाच फेऱ्या बघितल्या.

दुसरा दिवस ग्रँडचा, आणि माझ्यासाठी सगळ्या प्रवासाचा कळस. ज्यांचा अंदाज बांधता येतो अशा गायझरांमध्ये हा जगात सर्वात उंच, ६० मीटरपर्यंत जाणारा. फलकावर वेळ होती २:१०, सव्वा तास मागेपुढे. म्हणजे १२:५५ ते ३:२५ मध्ये कधीही. आम्ही १२:४० ला बाक धरला.

इथे वाट कशी बघायची तेही शिकावं लागतं. ग्रँड हे सपाट तळं आहे, सुळका नाही. त्याला लागून टर्बन नावाचा छोटा गायझर आहे, तो साधारण वीस मिनिटांनी उसळतो. ग्रँड जेव्हा उडतो तेव्हा बहुधा टर्बनच्या वेळेच्या आसपासच उडतो. म्हणजे अडीच तास एकसारखं टक लावून बसायचं नसतं, दर वीस मिनिटांनी काही क्षण जीव मुठीत धरायचा असतो. टर्बन एकटाच सुरू झाला आणि ग्रँड गप्प राहिला, की समजायचं, आणखी वीस मिनिटं गेली. इंजिन रूममधली वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, अशीच असते. सगळा वेळ काही घडत नाही, पण कोणत्या गेजकडे केव्हा बघायचं हे माहीत असावं लागतं.

आमच्या शेजारी एक वयस्क बाई बसल्या होत्या. मांडीवर वही, हातात वॉकीटॉकी. या स्वयंसेवकांचं एक वेगळंच जग आहे. वर्षानुवर्षं सुट्ट्या काढून येतात, कोणता गायझर किती वाजता उडाला ते लिहितात आणि रेडिओवरून एकमेकांना आणि माहिती केंद्राला कळवतात. पाण्याच्या पाटांमध्ये तापमान नोंदणारी उपकरणं आहेत, पण डोळ्यांनी पाहिलेल्या नोंदीचं मोल अजून कमी झालेलं नाही. मी त्यांना विचारलं, सव्वा तासाची मुभा जास्त नाही का? त्या म्हणाल्या, कमी करून लिहिता येईल, पण मग ते खरं राहणार नाही. मला जे इतका वेळ म्हणायचं होतं ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

पहिली टर्बन गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. सव्वादोन वाजता अर्धी गर्दी उठून गेली. त्यांच्यासाठी फलकाने दिलेली वेळ होऊन गेली होती. मला त्यांना हाताला धरून बसवावंसं वाटत होतं. एका बापाने मुलाला सांगितलं, आज नाही उडत. मी राहवून न जाऊन त्यांना म्हटलं, अजून तासभर तरी बाकी आहे. ते हसले आणि गेले.

तीन वाजून गेले तेव्हा बायकोने माझा हात दाबला. ‘‘अहो, पाणी काठावर हलतंय बघा.’’ तळ्याच्या कडेला बारीक लाटा येत होत्या. वॉकीटॉकीवाल्या बाई उठून उभ्या राहिल्या. ३:०५ ला तळ्याच्या मधोमध पाणी घुमटासारखं फुगलं आणि पुढच्या क्षणी फुटून चहूबाजूंनी वर गेलं. ओल्ड फेथफुलचा फवारा नळातून सुटल्यासारखा सरळ असतो. इथे पाण्याचे भाले एकामागून एक, प्रत्येक वेगळ्या कोनात, वर जाऊन पांढरी फुलं होऊन पडत होते. जमीन धपधपत होती, ते पायांतून कळत होतं. नऊ मिनिटांनी एकदम सगळं थांबलं. तळं रिकामं, पाणी आत ओढलं गेलेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, सामान उचललं. बाईंनी हात वर केला, थांबा. मिनिटभरात तळं पुन्हा भरलं आणि दुसरा उद्रेक झाला, पहिल्यापेक्षा उंच. बायकोच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही.

आता बाकीच्या जागांशी थोडी तुलना, कारण जहाजाच्या निमित्ताने दोन ठिकाणी पाय लागलेत.

आइसलँडच्या हाउकादालूर खोऱ्यात स्ट्रोक्कूर आहे. तिथे फलकाची गरजच नाही, सहा ते दहा मिनिटांत तो उडतोच. उंची बहुतेक वेळा १५ ते २० मीटर. त्याची बघण्यासारखी गोष्ट म्हणजे फुटण्याआधीचा क्षण: पाण्याची कातडी ताणून निळा फुगा तयार होतो, आणि आत वर चढणारी वाफ क्षणभर दिसते. फक्त एक दिवस हाताशी असेल तर मी तिथे जायला सांगेन. शेजारचा मूळ गेसीर मात्र बहुतेक काळ गप्प असतो. विसाव्या शतकात लोकांनी त्याचं पाणी उतरवून, साबण टाकून त्याला जागं करून पाहिलं, २००० सालच्या भूकंपाने तो काही काळ जागा झालाही.

न्यूझीलंडमध्ये तौरंगा बंदरात जहाज लागलं होतं तेव्हा रोटोरुआला जाऊन पोहुतू पाहिला. त्याच्या शेजारचा प्रिन्स ऑफ वेल्स फेदर्स आधी सुरू होतो आणि तोच वर्दी देतो. ग्रँड-टर्बनची जोडी पाहताना मला त्याची फार आठवण आली. पण पोहुतूची मोठी गोष्ट वेगळीच आहे. शहरातल्या लोकांनी गरम पाण्यासाठी इतक्या कूपनलिका खोदल्या की खालचं प्रेशर उतरलं आणि पोहुतू जिथे आहे त्या वाकारेवारेवाचे गायझर मंदावले. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारने पोहुतूपासून दीड किलोमीटरच्या आतल्या कूपनलिका बंद केल्या, आणि गायझर सावरले. वाइराकेईचं नशीब तसं नव्हतं. १९५८ साली तिथे भूऔष्णिक वीजकेंद्र चालू झालं आणि तिथल्या गायझर व्हॅलीतले गायझर संपले. त्याच देशात वाइमांगू १९०० ते १९०४ अशी चारच वर्षं उडाला, पण साडेचारशे मीटरपर्यंत. १९०३ मध्ये त्याच्या फार जवळ गेलेले चौघे जण मेले.

एल तातिओ ४,३०० मीटरवर आहे, तिथे पाणी ८६ अंशांनाच उकळतं आणि बहुतेक फवारे माणसाच्या उंचीपेक्षाही लहान असतात. पहाटेच्या गोठवणाऱ्या थंडीत वाफेचे खांब उठतात म्हणून लोक पहाटे जातात. कामचाटकातली गायझरांची दरी तात्याना उस्तिनोवा या भूवैज्ञानिक बाईंना १९४१ साली सापडली. ३ जून २००७ ला दरड कोसळून तिचा मोठा भाग गाडला गेला. या दोन्ही जागी मी गेलेलो नाही, जायची इच्छा फार आहे.

यलोस्टोनमध्येही सगळं कायमचं नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर ओल्ड फेथफुल सरासरी तास-सव्वा तासाने उडायचा. १९५९ आणि १९८३ च्या भूकंपांनंतर अंतर वाढत गेलं आणि आता दीड तासाच्या पुढे आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याच्या ढिगाऱ्यावर सापडलेल्या जुन्या लाकडाचं वय तेराव्या-चौदाव्या शतकातलं निघालं. तिथे झाडं उगवली होती, म्हणजे त्या काळी तो कैक वर्षं उडालाच नव्हता. कारण बहुधा दुष्काळ. फीड वॉटर, म्हणजे आत येणारं पाणी, तुटलं तर कोणताही बॉयलर बंद पडणारच.

परतताना उद्यानातल्याच नॉरिस भागात थांबलो. तिथे स्टीमबोट आहे, ९० मीटरच्या वर जाणारा, आज जगातला सर्वात उंच. १९११ ते १९६१ तो मोठा उद्रेक न करता बसून होता. २०१९ मध्ये एका वर्षात ४८ वेळा उडाला. त्याची वेळ फलकावर नसते, आणि नाही हेच बरोबर आहे. जे सांगता येत नाही ते सांगायचं नाही. जवळच मिनिट नावाचा गायझर आहे. एके काळी दर मिनिटाला उडायचा म्हणून हे नाव. जुन्या काळच्या पर्यटकांनी त्याच्या मोठ्या तोंडात दगड टाकून टाकून ते बुजवलं, आता तो अनियमित झालाय. बुजलेली नळी आम्ही जहाजावर उघडतो, साफ करतो, नाहीच जमलं तर बदलतो. ही नळी बदलता येत नाही. त्या दगडांकडे बघताना माझ्या पोटात कालवलं. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी त्यांना हा गायझर जरूर दाखवावा, आणि पायवाट सोडू नये हेही त्याच वेळी सांगावं. वरचा कवच पातळ असतो, खाली उकळतं पाणी असतं. आजवर वीसहून जास्त माणसं त्या उद्यानातल्या गरम पाण्यात पडून मेली आहेत.

निघण्याच्या आदल्या दिवशीचं मात्र सांगायचं राहिलं. रिव्हरसाइड ओल्ड फेथफुलपासून दीडएक किलोमीटर चालून जावं लागतं. फायरहोल नदीच्या पलीकडच्या काठावर त्याचा सुळका आहे आणि तो नदीवर तिरपा, कमानीसारखा उडतो, २३ मीटरपर्यंत, वीस मिनिटं. उडण्याच्या तास-दोन तास आधी सुळक्याच्या कडेवरून पाणी नदीत गळायला लागतं. आम्ही पोचलो तेव्हा ते गळत होतं, म्हणून निर्धास्त बसलो. पाण्यात वाफ मिसळत होती, नदी तिच्या वेगाने वाहत होती. बायकोने घड्याळ हातात घेऊन ठेवलं होतं. फवारा सुटताच ती मोठ्याने म्हणाली, ‘‘अकरा सव्वीस.’’

पाच मिनिटांनी पायवाटेवरून कालच्याच बाई घाईघाईने आल्या, वही उघडून. त्यांची सुरुवात हुकली होती. कुणी वेळ घेतली का, म्हणून विचारलं. बायकोने सांगितली. त्यांनी घड्याळं ताडून पाहिली, दोन्ही जुळली, मग लिहिलं आणि रेडिओवरून कळवलं. दुपारी आम्ही माहिती केंद्रात गेलो तेव्हा फलकावर रिव्हरसाइडची पुढची वेळ चढली होती, अकरा सव्वीसपासून मोजलेली, अर्धा तास मागेपुढे.